कर्ता कोण, हे ओळखता आले पाहिजे

जुने कपाट किंवा मुलाची लहान झालेली सायकल ऑनलाइन विकायला काढली, की कधी कधी तासाभरातच एखादे गिऱ्हाईक फोन करायचे. घासाघीस न करता सांगितलेला भाव मान्य करायचे आणि ‘पैसे आत्ताच पाठवतो’ म्हणायचे. पाठोपाठ मोबाइलवर इंग्रजी संदेश यायचा. त्यात ‘हॅज रिक्वेस्टेड मनी फ्रॉम यू’ असे लिहिलेले असायचे आणि पुढे, मंजुरी दिल्यावर अमुक रक्कम ‘विल बी डेबिटेड’. विकणाऱ्याच्या नजरेत भरायचे ते ‘मनी’, ‘यू’ आणि रकमेचा आकडा. पैसे येणार या समजुतीने तो पिन टाकायचा आणि त्याच्याच खात्यातली रक्कम जायची. या प्रकाराने इतक्या लोकांना गंडवले गेले, की यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून दोन व्यक्तींमध्ये अशी पैशांची मागणी पाठवण्याची सोयच बंद केली.

त्या संदेशातले बहुतेक शब्द सातवीतल्या मुलालाही येतात. घोटाळा झाला तो शब्दांच्या नात्यात. मागणारा कोण, देणारा कोण, ‘फ्रॉम’च्या जागी ‘टू’ असते तर अर्थ काय झाला असता, ‘विल बी डेबिटेड’मध्ये वजावट नेमकी कोणाच्या खात्यातून होणार, हे सगळे प्रश्न व्याकरणाचे आहेत. शाळेत तेच प्रश्न ‘कर्ता ओळखा’ आणि ‘चेंज द व्हॉइस’ या नावांनी एकेका गुणाला विचारले जातात, आणि मुले ते एका गुणाचेच समजून सोडवतात.

नववी-दहावीचे मूल असलेल्या घरात इंग्रजी व्याकरणाबद्दल ‘हे आता कशाला शिकायचे?’ हा प्रश्न हल्ली हमखास निघतो. मोबाइल भाषांतर करून देतो, अर्ज लिहून देतो, चुका दुरुस्त करतो. जेईई मेन आणि नीट या परीक्षा मराठीतून देता येतात. २०२१-२२ पासून अभियांत्रिकीची पदवी मराठीसह इतर भारतीय भाषांतून शिकवायला एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने वाट मोकळी केली आहे. माहिती अधिकाराचा अर्ज २००५ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात मराठीत करता येतो, आणि तो मराठीतच करावा. हे सगळे ऐकून-वाचून मुले प्रश्न विचारतात, त्यात त्यांचे काहीच चुकत नाही. ‘बोर्डाला आहे म्हणून’ हे उत्तर मात्र चुकीचे आहे. दहावीनंतर ते लागूच राहत नाही.

खरे उत्तर नीटच्याच नियमांत सापडते. मराठीतल्या प्रश्नाबद्दल शंका निघाली, तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. म्हणजे मराठीतून परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यालाही शेजारचे इंग्रजी वाक्य वाचून ‘इथे नेमके काय विचारले आहे’ हे ठरवता यावे लागते. न्यायालयांचेही तसेच. राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानुसार सर्वोच्च न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयांचे कामकाज सामान्यतः इंग्रजीत चालते. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता मराठीत भाषांतर होऊन मिळू लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे, पण अधिकृत मजकूर इंग्रजीच राहतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत उमेदवार निबंध आणि सामान्य अध्ययन मराठीतून लिहू शकतो. मात्र ३०० गुणांच्या अनिवार्य इंग्रजीत २५ टक्के मिळाले नाहीत, तर बाकीच्या उत्तरपत्रिका विचारातच घेतल्या जात नाहीत. या पेपरचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत. त्यात विचारतात ते काय? उतारा समजून घेणे, सारांश लिहिणे, शब्दांचा अचूक वापर, निबंध. सगळी सामग्री नववी-दहावीची.

ज्यांना अशा परीक्षा द्यायच्या नाहीत, त्यांच्याही आयुष्यात एक इंग्रजी कागद कधी ना कधी येतोच. बँकेच्या किंवा वित्तकंपनीच्या कर्जाला मित्रासाठी, भावासाठी जामीन राहताना जिथे सही करायची असते, तिथे बहुधा ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ हे शब्द असतात. अनेकांना वाटते, दोघे जामीनदार म्हणजे जबाबदारी निम्मी-निम्मी. त्या ‘सेव्हरली’चा अर्थ असा, की सगळी थकबाकी दोघांपैकी कोणा एकाकडूनही वसूल करता येते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १२८ वे कलम सांगते, की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. या वाक्याच्या शेवटी एक छोटी सवलत आहे आणि ती एका शब्दावर टांगलेली आहे: ‘अनलेस’. करारात वेगळे ठरले असेल तरच ही जबाबदारी कमी. ‘रिराइट युजिंग अनलेस’ हा प्रश्न दहावीत कंटाळून सोडवलेला माणूस पंधरा वर्षांनी अशा कागदावर सही करतो, तेव्हा तो शब्द त्याच्या बाजूने बोलत असतो.

गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकणाऱ्या सेमी-इंग्रजीच्या मुलांना याचा प्रत्यय फार लवकर येतो. दहावीच्या संभाव्यतेतले उदाहरण घ्या. तीन नाणी एकाच वेळी फेकली. ‘ॲट लीस्ट टू हेड्स’ म्हणजे किमान दोन छापे, उत्तर १/२. ‘ॲट मोस्ट टू हेड्स’ म्हणजे जास्तीत जास्त दोन, उत्तर ७/८. ‘एक्झॅक्टली टू’ म्हणजे नेमके दोन, उत्तर ३/८. नाणी तीच, सूत्र तेच, आणि उत्तरे तीन. इथे गुण गेले तर पालक गणिताचा क्लास लावतात. गुण गेलेले असतात ‘लीस्ट’ आणि ‘मोस्ट’ यांच्यामधल्या फरकात.

भाषेतल्या अशा एका फरकाने केवढी किंमत वसूल केली, याचे सर्वांत मोठे उदाहरण विमान वाहतुकीच्या इतिहासात आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतल्या तेनेरीफच्या विमानतळावर दाट धुके होते. धावपट्टीवर दोन जंबो जेट विमाने होती. त्यांपैकी केएलएम या डच कंपनीच्या विमानातून नियंत्रण कक्षाला कळवले गेले, ‘वी आर नाऊ ॲट टेकऑफ’. नियंत्रकाने त्याचा अर्थ घेतला, की विमान उड्डाणाच्या जागेवर थांबले आहे. प्रत्यक्षात ते धावायला लागले होते. चालू असलेली क्रिया सांगण्याची डच भाषेतली रीत त्या ‘ॲट’मध्ये उतरली असावी, असे भाषेच्या काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. धुके, रेडिओवर एकमेकांवर आदळलेले संदेश, निघण्याची घाई हीही कारणे होतीच. समोरच्या पॅन ॲमच्या विमानावर ते धडकले आणि ५८३ माणसे मेली. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा आणि एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा जगभर दंडक झाला.

आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण गेले. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले, हे मुख्य कारण ठरले, आणि त्या चालकांचे इंग्रजी कच्चे असल्याचा मुद्दाही पुढे आला. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि नियंत्रकांसाठी इंग्रजीची किमान पातळी ठरवली. ती सहा गोष्टींवर तपासतात: उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद. वाक्यरचना, म्हणजे शाळेतले व्याकरण, या यादीत स्वतंत्रपणे आहे. ‘समोरच्याला कळले की झाले, व्याकरणाचे काय एवढे?’ असे म्हणणाऱ्यांनी ही यादी लक्षात ठेवावी.

विरामचिन्हांकडे तर मुले ढुंकूनही पाहत नाहीत. ‘पंक्च्युएट द फॉलोइंग’ हा प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. पण एका स्वल्पविरामाची किंमत पाहा. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरी या दूधकंपनीच्या वाहनचालकांनी जादा कामाचा मोबदला मागितला. कोणत्या कामांना असा मोबदला लागू नाही, याची कायद्यात लांबलचक यादी होती. तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते आणि ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे वाटपासाठी माल बांधणे हे एकच काम, की बांधणे एक आणि वाटप दुसरे, हे ठरेना. चालक माल वाटत होते, बांधत नव्हते. अपील न्यायालयाने २०१७ साली चालकांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी कंपनीने ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. ‘ध’चा ‘मा’ हा वाक्प्रचार वापरणाऱ्या मराठी माणसाला अक्षराचे मोल नव्याने पटवून द्यायला नको. स्वल्पविरामाचे मात्र पटवावे लागते, कारण तो आपल्याकडे उशिरा आला. मोडीतली कागदपत्रे सलग लिहिली जात, शब्दही तोडत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत विरामचिन्हांचा वापर सुरू केला आणि रुळवला. आजच्या मराठी वाक्यातला स्वल्पविराम ही इंग्रजीच्या अभ्यासातून मराठीला मिळालेली गोष्ट आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. इंग्रजीचे व्याकरण पक्के करणे म्हणजे मराठी मागे टाकणे, अशी एक भीती असते. आपल्या भाषेच्या इतिहासात उलटे घडलेले दिसते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, ते मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापून. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. इंग्रजी व्याकरणाच्या अभ्यासातून आलेली मांडणी त्यांनी मराठीला लावून पाहिली आणि ‘मराठीचे पाणिनी’ अशी पदवी मिळवली. त्यांचे भाऊ भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘अ हिंदू’ या नावाने इंग्रजीत पत्रे लिहून इंग्रजी राज्याने चालवलेल्या शोषणाचा हिशेब मांडला. त्या पत्रांत व्याकरणाच्या चुका असत्या, तर वाचणाऱ्या गोऱ्यांनी मुद्दा बाजूला ठेवून चुकाच दाखवल्या असत्या. सावित्रीबाई फुले यांच्या १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत. आणि मराठीच्या अभिमानासाठी ओळखल्या जाणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० साली टिळकांसोबत पुण्यात शाळा काढली, तिचे नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’.

महाराष्ट्रात पूर्वी इंग्रजी पाचवीपासून होते. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते सर्व शाळांत पहिलीपासून आले. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी. एवढ्या वर्षांनंतर मुलांना काय येते? ‘असर’च्या २०२३ च्या सर्वेक्षणात २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांमधल्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांची पाहणी झाली. त्यांतल्या ५७.३ टक्के मुलांना सोपी इंग्रजी वाक्ये वाचता आली आणि त्या वाचणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला. शंभरांत साधारण बेचाळीस. त्याच पाहणीत चौथाई मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. हे दोन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. ज्या मुलाची मराठी वाचनाची घडी बसलेली नाही, त्याला इंग्रजी काळांचे तक्ते पाठ करायला लावून काही हाती लागणार नाही. आधी मराठी वाचन, आणि त्या मराठीच्या आधाराने इंग्रजी, असाच क्रम धरावा लागेल.

हा आधार भक्कम आहे. मराठी माध्यमाच्या मुलाच्या इंग्रजी चुका आळशीपणाच्या नसतात. बहुतेक चुकांमागे मराठीचा एखादा नियम उभा असतो, आणि तो दाखवून दिला की चूक सुटते. ‘ही डिड नॉट वेंट’ ही चूक घ्या. मराठीत ‘तो गेला’ याचा नकार ‘तो गेला नाही’. क्रियापद भूतकाळातच राहते, पुढे ‘नाही’ लागते. मूल नेमके तेच करते, ‘वेंट’ तसेच ठेवते. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’ने उचलून नेलेला असतो, म्हणून मागे साधे ‘गो’ उरते. हे एकदा शांतपणे सांगितले, तर शंभर वेळा लाल शाईने खोडण्याची गरज पडत नाही.

‘ही इज लिव्हिंग इन पुणे सिन्स थ्री इयर्स’ या वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीतून आल्या आहेत. ‘तो तीन वर्षांपासून पुण्यात राहतो’ असे आपण वर्तमानकाळात म्हणतो. तेव्हापासून आजपर्यंत चालत आलेल्या गोष्टीसाठी इंग्रजी ‘हॅज बीन लिव्हिंग’ असे वेगळे रूप वापरते. दुसरे म्हणजे आपला ‘पासून’ दोन्हीकडे चालतो: २०२२ पासून, तीन वर्षांपासून. इंग्रजी या दोन कामांना दोन शब्द देते. सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’, मुदत सांगायची तर ‘फॉर’. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ ही चूकही अशीच. ‘माझा एक मित्र’ हे एकवचन आहे, तर इंग्रजी म्हणते ‘माझ्या मित्रांपैकी एक’, म्हणून अनेकवचन. ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ असे मूल म्हणते, कारण ‘तो कुठे आहे?’ आणि ‘तो कुठे आहे ते मला माहीत नाही’ या दोन्हींमध्ये मराठी आपला शब्दक्रम बदलत नाही. इंग्रजी प्रश्नात तो उलटवते आणि मोठ्या वाक्यात घेतल्यावर पुन्हा सरळ करते.

सर्वांत मूलभूत फरक मात्र शब्दांच्या जागेचा. ‘बिबट्याने कुत्र्याला पळवले’ आणि ‘कुत्र्याला बिबट्याने पळवले’ यांचा अर्थ एकच, कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय कोण कोणाला हे सांगतात. इंग्रजी नामांना असे प्रत्यय उरलेले नाहीत. तिथे जागा हीच विभक्ती. ‘लेपर्ड’ आणि ‘डॉग’ यांची अदलाबदल केली, की कुत्रा बिबट्याच्या मागे लागतो. हे ज्याला कळले, त्याला इंग्रजीत शब्दक्रमाचा एवढा बडेजाव का, हे विचारावे लागत नाही. पुढे जर्मन शिकायला जाणाऱ्यांना तर याचा दुहेरी लाभ होतो. जर्मनमध्ये मराठीसारखी तीन लिंगे आहेत, विभक्ती आहेत. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात पहिल्याच पातळीला कर्ता, कर्म, विभक्ती हे शब्द पुन्हा भेटतात, आणि शाळेतले व्याकरण ज्याचे जिवंत आहे, तो तिथे बिचकत नाही.

आता अभ्यास कसा करावा. इथे संशोधनाने दिलेला एक इशारा ऐकायलाच हवा. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाने, म्हणजे व्याख्या, प्रकार आणि गाळलेल्या जागा यांनी, मुलांचे लेखन सुधारलेले दिसले नाही. काही प्रमाणात परिणाम उलटाच होता. दोन-तीन छोटी वाक्ये जोडून एक चांगले वाक्य करण्याच्या सरावाने मात्र लेखन स्पष्टपणे सुधारले. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या डेब्रा मायहिल आणि सहकाऱ्यांनीही, लेखन शिकवतानाच त्यात गुंफलेले व्याकरण उपयोगी पडते, असे २०१२ साली दाखवले. त्यात आधीच बरे लिहिणाऱ्या मुलांना जास्त फायदा झाला. तेव्हा ‘गो-वेंट-गॉन’चे पाढे आणि अपेक्षित प्रश्नसंचातली चारशे वाक्ये यांवर सगळा वेळ घालवणाऱ्या घराने आणि शाळेने थांबून विचार करावा.

पहिले काम वाक्ये जोडण्याचे. ‘पाऊस पडत होता.’ ‘सामना चालू राहिला.’ ही दोन वाक्ये इंग्रजीत लिहावीत आणि ‘बट’, ‘ऑल्दो’, ‘इन स्पाइट ऑफ’ अशा तीन प्रकारे जोडावीत. जोडताना ‘ऑल्दो’नंतर पूर्ण वाक्य येते आणि ‘इन स्पाइट ऑफ’नंतर येत नाही, हे हाताला आपोआप कळते. रोज दहा मिनिटे, तीन जोड्या पुरेत.

‘रिमूव्ह टू’सारखे प्रश्न टाळू नयेत, पण अर्थाच्या बाजूने सोडवावेत. ‘ही इज टू टायर्ड टू वॉक’ या वाक्यात ‘नॉट’ कुठेच दिसत नाही, तरी तो चालू शकत नाही. नकार पहिल्या ‘टू’च्या पोटात लपला आहे. वाक्य बदलताना ‘कॅनॉट’ येते ते म्हणून. ‘अनलेस’च्या पोटातही असाच ‘नाही’ आहे, त्यामुळे ‘अनलेस यू डोन्ट’ लिहिले की अर्थ उलटतो. प्रत्येक रूपांतरापूर्वी मुलाला मराठीत विचारावे: तो चालू शकतो की नाही? उत्तर बरोबर आले, तरच पुढे लिहू द्यावे.

भाषांतराला मोठ्या वर्गांत फार कमी वेळ मिळतो, हे खेदाचे आहे. महाराष्ट्रात कित्येक पिढ्या ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’वर इंग्रजी शिकल्या, आणि त्या पद्धतीतले सत्त्व आजही कामाचे आहे. बालभारतीच्या ‘कुमारभारती’तला पाच-सहा ओळींचा उतारा घ्यावा. त्याचे चांगल्या मराठीत भाषांतर करावे, शब्दाला शब्द ठेवू नये. दुसऱ्या दिवशी पुस्तक बंद करून त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करावे आणि मग मूळ उतारा उघडून शेजारी ठेवावा. कुठे ‘द’ सुटले, कुठे काळ घसरला, कुठे ‘ऑन’च्या जागी ‘इन’ आले, हे मूल स्वतःच शोधते. दहावीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत भाषांतराला ५ गुण आहेत. या सरावाने ते मिळतातच, पण उताऱ्यावरचे प्रश्न आणि पत्रलेखनही सुधारते.

सापडलेली प्रत्येक चूक एका वहीत जावी. डावीकडे चुकीचे वाक्य, उजवीकडे बरोबर, आणि खाली एका ओळीत कारण, तेही मराठीत: ‘भूतकाळ डिडने घेतला’, ‘मुदत आहे म्हणून फॉर’. दोन-तीन महिने ही वही नेटाने ठेवली, तर त्याच त्या दहा-बारा चुका फिरून येत आहेत, हे मुलाच्या लक्षात येईल. बाजारातल्या कुठल्याही मार्गदर्शकात मुलाच्या नेमक्या चुका नसतात. त्या याच वहीत मिळतात.

मोबाइल बाजूला ठेवा, असे सांगण्यात अर्थ नाही. मूल तो वापरणारच. फक्त क्रम पाळावा. आधी पत्र किंवा परिच्छेद स्वतः लिहावा, मग यंत्राकडून तपासून घ्यावा, आणि यंत्राने केलेल्या प्रत्येक बदलाचे कारण सांगता येते का, ते पाहावे. कारण सांगता आले नाही, तर तो बदल स्वीकारू नये, शिक्षकांना विचारावा. यंत्र अर्थ बदलून टाकते तेव्हाही वाक्य दिसायला सुबकच असते, आणि ते पकडायचे काम वाचणाऱ्याकडेच राहते. जामीनपत्रावर सही यंत्राची नसते.

‘आम्हालाच इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?’ असे म्हणणाऱ्या आईवडिलांना सर्वांत उपयुक्त काम करता येते: मुलाकडून अर्थ मराठीत काढून घेणे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांच्या वेष्टनावर इशारा असतो, ‘नॉट टु बी सोल्ड बाय रिटेल विदाउट द प्रिस्क्रिप्शन’. या वाक्यात ‘नॉट’ आहे आणि ‘विदाउट’ही आहे. मग औषध विकायचे की नाही विकायचे? विकणारा कोण, त्याचा उल्लेख का नाही? वीजबिलाच्या मागचा मजकूर, बँकेचा संदेश, शाळेच्या बसची इंग्रजी नियमावली, सगळे याच कामाचे. मुलाचे उत्तर मराठीत पटण्यासारखे आहे की नाही, हे ओळखायला पालकाला इंग्रजी येण्याची गरज नाही. मूल अडखळू लागले, की कळतेच.

शाळांनी वेळापत्रकात आठवड्याची एक तासिका भाषांतराला द्यावी, आणि ती शक्य तिथे इंग्रजीच्या आणि मराठीच्या शिक्षकांनी मिळून घ्यावी. कर्तरी-कर्मणी एका वर्गात आणि ‘व्हॉइस’ दुसऱ्या वर्गात, एकमेकांशी ओळख नसल्यासारखे शिकवले जातात, यात मुलांचे फार नुकसान होते.

घरी मात्र कोणाची वाट पाहायला नको. येत्या रविवारी एक दोनशे पानी वही आणा. बँकेकडून आलेला शेवटचा इंग्रजी संदेश आठवी-नववीतल्या मुलापुढे ठेवा आणि मराठीत चारच प्रश्न विचारा: कोणी केले, कोणाचे झाले, केव्हा झाले, कोणत्या अटीवर? जिथे उत्तर अडेल, ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.